गच्चीतला बोळा

मिस्त्रीणबाईंना लोक मिस्त्रीणबाई म्हणायला लागले ते नवऱ्यामुळे. डॉक्टरच्या बायकोला डॉक्टरीणबाई म्हणतात, तसंच हे. पुढे नवऱ्याचे गुडघे गेले, तो घरी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंत कशी सरळ उचलावी ते ऐकवू लागला, आणि बाई स्वतः थापी घेऊन गच्च्यांवर चढल्या. नाव तेच राहिलं, अर्थ तेवढा बदलला. आता कुणा नवख्याने विचारलं, "मिस्त्री कुठे आहेत?" तर बाई म्हणतात, "तुमच्या समोर उभे आहेत. चष्मा पुसा."

काम एकच, गळती बंद करणे. लोक नुसतंच म्हणतात, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. ते नेमकं कुठे मुरतंय हे बाई शोधून काढतात. गळक्या घरात गेल्या की त्या आधी वर जात नाहीत. खाली बसतात, प्यायला पाणी मागतात आणि विचारतात, "थेंब पडायला कधी लागतो?" पाऊस आल्या आल्या ठिबकलं तर वर कुठेतरी सरळ भेग आहे. दोन-तीन तासांनी सुरू झालं आणि पाऊस थांबल्यावरही चालूच राहिलं, तर वर पाणी तुंबतंय आणि सावकाश झिरपतंय. आभाळ कोरडं असताना ठिबकलं तर टाकीचा पाइप बघा, छताला उगाच शिव्या देऊ नका. बरं, जिथे ठिबकतं त्याच्या बरोब्बर वर भोक असतं असंही नाही. पाणी आत शिरतं एका कोपऱ्यात, वाट काढत जातं आणि बाहेर पडतं दिव्याच्या तारेतून. लोक मात्र दिव्याच्या डोक्यावर डांबर थापून मोकळे होतात. जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

आणि ऊन! पावसाला सगळे नावं ठेवतात, पण छताला आधी मारतं ते ऊन. इकडच्या उन्हात दुपारी गच्चीवर अनवाणी पाय ठेवून बघा, म्हणजे कळेल. स्लॅब दिवसभर तापून फुगतो, मग अचानक सर येते आणि तो एका दमात आकसतो. गरम काचेच्या पेल्यात गार पाणी ओतल्यावर पेल्याचं जे होतं, तेच त्याचं होतं, फक्त हळूहळू. केसाएवढी चीर पडते. पाण्याला तेवढी पुरते. डांबरी कागद पहिल्या वर्षी झकास दिसतो, दुसऱ्या वर्षी करपतो, तिसऱ्या वर्षी कडा सोडतो. म्हणून बाईंचा हिशोब सरळ: गोटी सोडली तर आपोआप घरंगळत पाणी जायच्या तोंडाशी जाईल असा ढाळ, वर ऊन परतवणारा पांढरा चुना, आणि लेप द्यायचा तो सकाळी आठच्या आत, गच्ची थंड असताना. पावसाळ्याआधी पाणी जायच्या तोंडात एकदा हात घालून कचरा काढायचा. "रोज केस विंचरता," बाई घरमालकांना सुनावतात, "वर्षातून एकदा गच्चीच्या तोंडात हात घालायला काय धाड भरते?"

त्यांच्याबरोबर काम करते ती त्यांची सून. मुलगी बांधकामाचा डिप्लोमा केलेली. लग्न झाल्यावर सासू पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "उद्यापासून माझ्याबरोबर चल. तुला वाटा द्यायला शिकवते." कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथे सिमेंटचा गोलसर उतार देतात, म्हणजे पाणी कोपऱ्यात ठाण मांडत नाही. त्याला मिस्त्री लोक वाटा म्हणतात. डिप्लोमाच्या पुस्तकात त्याचं नाव वेगळंच होतं. सुनेने घाबरून आईला फोन केला, आणि माहेरी दोन दिवस एकच गोंधळ, की पोरीकडे सासूने आल्या आल्या वाटा मागितला. त्याला सहा वर्षं झाली. आता सुनेचा वाटा सासूपेक्षा गुळगुळीत होतो, हे सासूला माहीत आहे आणि ती ते मरेपर्यंत कबूल करणार नाही.

काम झालं की बाई गच्चीची परीक्षा घेतात. पाणी जायची तोंडं कापडाच्या बोळ्यांनी घट्ट बंद करायची, गच्चीवर पाणी कोंडायचं आणि चार दिवस खाली छताकडे बघत बसायचं. बोळे नेहमी एकाच कापडाचे, गादीच्या जुन्या खोळीचे, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे. ते कापड भिजलं की फुगतं आणि थेंब सोडत नाही. चार दिवसांनी बोळे काढायचे, पाणी सोडायचं, जाळ्या बसवायच्या. चार दिवस कोरडं गेलं की बाई घरमालकाला सांगतात, "आता यावर पत्रा टाकायची वेळ आली तर मला येऊन सांगा."

पत्रा हा बाईंच्या लेखी अपमान. गच्ची गळायची थांबत नाही म्हणून लोक हात टेकतात आणि वर लोखंडी सांगाडा उभा करून पत्र्याची शेड ठोकतात. रस्त्यावरून जाताना अशी शेड दिसली की बाई म्हणतात, "तो बघ, कुणाचा तरी पराभव." अठरा-वीस वर्षांत त्यांनी हात लावलेल्या एकाही गच्चीवर पत्रा चढलेला नव्हता. हे त्या कुणालाही, न विचारता, कधीही सांगत.

आणि यंदा पावसाळा निम्मा सरला असताना शाळेचा शिपाई सायकलवरून आला. "मोठ्या बाईंनी बोलावलंय. वाचनालय गळतंय." सायकलवर बसता बसता तो म्हणाला, "पत्रेवालाही आलाय."

शाळेच्या वाचनालयाची गच्ची म्हणजे बाईंचं स्वतःच्या नावावरचं पहिलं काम. अकरा वर्षं झाली. तोवर त्या दुसऱ्याच्या हाताखाली घमेली वाहत होत्या, लेप देत होत्या, आणि कौतुक मुकादमाचं होत होतं. ते काम मुख्याध्यापिकेने, म्हणजे मोठ्या बाईंनी, त्यांना एकटीला दिलं होतं आणि संपल्यावर शाळेच्या कागदावर शिक्क्यासहित लिहून दिलं होतं की या बाईंनी छत उत्तम केलं. त्या गच्चीवर पत्रा म्हणजे नाक कापल्यासारखंच.

सासू-सुना पोचल्या तेव्हा वाचनालयाची कळा गेलेली होती. कपाटं भिंतींपासून ओढून मधोमध आणलेली, त्यांच्यावर प्लास्टिकचे कागद. मधला पंखा काढून ठेवलेला, त्याच्या हुकाखाली वाचायचं लांब टेबल आणि टेबलावर बादली. खालच्या फळीवरची पुस्तकं फुगून जाडजूड झालेली. मोठ्या बाई त्यातलं एक हातात घेऊन पानं सोडवत होत्या. पत्रेवाला मोजपट्टी घेऊन छताकडे बघत होता.

"मावशी, तुमचं काम चांगलंच होतं," तो म्हणाला. "पण आता स्लॅबचं वय झालं. एकदा पत्रा टाकला की कटकट नाही."

"वय तुमचंही झालंय. तुमच्या टकलावर कुणी पत्रा ठोकला का?"

मोठ्या बाईंनी पुस्तक खाली ठेवलं. त्यांच्या कपाळाला आठी होती. "मिस्त्रीणबाई, मला पुस्तकं वाचवायची आहेत. पत्र्याचं जवळजवळ ठरलंय. उद्या तो माप घेऊन कामाला लागेल. तुम्हाला एकदा बघायचं असेल तर आजचा दिवस आहे."

शिपायाला जवळ बोलावून मिस्त्रीणबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, बारीक पावसाला काही नाही, पण जोराची सर झाली की दोन तासांनी हुकातून ठिबकायला लागतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालतं. बाईंचा चेहरा एकदम खुलला. "वर तुंबतंय," त्या सुनेला म्हणाल्या. "चल."

गच्चीवर ऊन पडलं होतं. अकरा वर्षांचा सिमेंटचा कोबा शेवाळाने काळा पडला होता, पण कुठे पोकळ वाजत नव्हता. बाईंनी पायाच्या टाचेने ठोकून पाहिला. यंदाच्याच उन्हाळ्यात शाळेने कोपऱ्यात नवी टाकी बसवली होती, विटांच्या ओट्यावर. तिच्या शेजारच्या कठड्याजवळ बाई वाकल्या आणि तिथेच थांबल्या. कठड्याच्या आतल्या अंगाला, वाट्याच्याही वर वीतभर, एक मातकट रेघ होती. पाणी उभं राहिल्याशिवाय अशी रेघ उठत नाही. एवढं पाणी चढलं तर ते वाट्यावरून जाऊन कठड्याच्या गिलाव्यामागे शिरणारच, आणि तिथून कोब्याखाली.

गच्चीला तोंडं दोन, एकाच कडेला, चार-पाच हातांच्या अंतरावर. टाकीजवळच्या तोंडाची जाळी सुनेने उचकटली. आत सिमेंटचे गोळेच गोळे. टाकीचा ओटा बांधणाऱ्याने उरलासुरला माल तिथेच धुतला होता. सुनेने छिन्नीने फोडून तो बादलीत काढला. पत्रेवालाही वर आला होता. त्याने बादलीत डोकावून पाहिलं.

"बघितलंत?" बाई म्हणाल्या. "गच्ची गळत नाही. गच्चीचा गळा आवळलाय. जाऊन सांगा मोठ्या बाईंना." पत्रेवाला जड पावलांनी खाली गेला. बाईंची छाती चांगली दोन इंच फुगली. अकरा वर्षांत वाट्याला एक चीर नाही, ढाळ जिथल्या तिथे. असं काम करून दाखवावं आणि मग बोलावं!

तोवर सुनेने दुसरी जाळी काढली होती. ती पोटावर आडवी होऊन कोपरापर्यंत हात आत घालून चाचपत होती. मग तिचा हात थांबला. तिने हळूच काहीतरी ओढून काढलं, सासूकडे पाठ केली आणि म्हणाली, "पानं होती. निघाली."

इतका वेळ निघालेला सगळा कचरा बादलीत गेला होता. ही पानं मात्र सुनेच्या खांद्यावरच्या पिशवीत गेली. बाईंनी ते पाहिलं. पानं पिशवीत घालून घरी कोण नेतं?

जिन्याच्या मधल्या वळणावर त्यांनी सुनेला थांबवलं. "दाखव."

"काय?"

"मी काही बोळ्याने दूध पीत नाही. पिशवीत काय आहे ते दाखव."

सुनेने पिशवी पुढे केली. आत मातीने माखलेला, मुठीएवढा, कुजून घट्ट झालेला कापडाचा बोळा होता. बाईंनी तो अंगठ्याने पुसला. मातीखालून निळा पट्टा निघाला, मग पांढरा.

बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. त्यांना तो दिवस लख्ख आठवला. चार दिवसांचं पाणी कोरडं गेलं होतं. त्यांनी पहिला बोळा ओढला, पाणी धो धो पाइपातून उतरायला लागलं, आणि इतक्यात शिपाई वर येऊन म्हणाला, मोठ्या बाई खाली बोलावताहेत, सगळी शाळा जमली आहे. त्या हात पुसत खाली गेल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाईंनी तो कागद वाचून दाखवला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं काम त्यांच्या नावाने वाचलं होतं, आणि त्या कागदाला सुरकुती पडू नये म्हणून तो दोन्ही हातांत धरून थेट घरी गेल्या. दुसरा बोळा पाइपातच राहिला. गड्यांनी त्याच्यावर जाळी बसवली. पाणी एका तोंडाने कसंबसं निघत राहिलं, अकरा वर्षं. यंदा ते तोंडही निम्मं बुजलं आणि सगळं उघडं पडलं.

"आई, ऐका माझं," सून दबक्या आवाजात म्हणाली. "दोष निघाला ना? सिमेंट निघालं. तेवढं खरंच आहे. दुसरं तोंडही मोकळं झालं. पत्रा टळला. झाकली मूठ सव्वा लाखाची. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

खोटं काही बोलायचंही नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. बाईंना क्षणभर पटलंही. कुणाचं नुकसान होत नव्हतं. खाली तो टकल्या मोजपट्टी घेऊन टपून बसला होता, आणि हे त्याच्या हातात दिलं की गावभर डांगोरा. अकरा वर्षांच्या नावावर बोळा फिरणार, आणि तोही खराखुरा बोळा. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"टाकी बसवणारा गवंडी आता खाली असता," त्या म्हणाल्या, "तर मी त्याला सगळ्यांसमोर सोलून काढला असता की नाही?"

सुनेने मान हलवली.

"मग मला काय सोनं लागलंय?"

त्या उठल्या, वाचनालयात गेल्या आणि बादली बाजूला सारून त्यांनी तो बोळा टेबलावर ठेवला. "मोठ्या बाई, एका तोंडात तुमच्या टाकीवाल्याचं सिमेंट होतं. दुसऱ्यात हा होता. हा माझा. पाणी कोंडताना घातला आणि काढायचा विसरले. अकरा वर्षं आत होता. पुस्तकं भिजली त्यात मी आहे."

पत्रेवाला हसला. "म्हणजे मावशींनी स्वतःच गळती बसवून दिली होती. मग आता पत्र्याला हरकत कसली?"

"हरकत अशी की चूक माझी आहे, गच्चीची नाही." बाई पुन्हा मोठ्या बाईंकडे वळल्या. "मोठ्या बाई, मला पंधरा दिवस द्या. मी वाटा रेघेच्या वर चढवते. मग पाणी कोंडा, नेहमीसारखं चार बोटं नाही, त्या रेघेपर्यंत कोंडा. चार दिवसांत इथे एक थेंब पडला, तर पत्रा मी स्वतः धरून उभी राहते, हा ठोकेल."

मोठ्या बाई बोळ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी फुगलेल्या पुस्तकांकडे पाहिलं. "पंधरा दिवस," त्या म्हणाल्या. "सोळावा नाही."

सून घरी जाताना एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कामाला मात्र पहाटेच हजर. आठ दिवस उघडीप मिळाली. सकाळच्या थंडाव्यात दोघींनी कठड्याचा गिलावा खरवडला, फटी धुतल्या, वाटा हातभर चढवला. ऊन चढलं की ओली पोती घालून ठेवायच्या, म्हणजे सिमेंट घाईने सुकून चिरणार नाही. सासू म्हणायची, "पाणी." सून पाण्याचा डबा पुढे करायची. सासू म्हणायची, "थापी." थापी यायची. शब्द काही यायचा नाही. घरी मिस्त्रीने विचारलं, "काय झालंय दोघींना?" तर दोघी एकदम म्हणाल्या, "काही नाही."

मग बोळे घातले आणि पाणी भरलं, रेघेपर्यंत. टेबलावर हुकाखाली कोरडं वर्तमानपत्र पसरलं. थेंब पडला तर त्यावर लगेच दिसला असता. बाई रोज शाळा भरताना येऊन त्या कागदासमोर खुर्ची टाकून बसायच्या आणि शाळा सुटताना उठायच्या. आजूबाजूला मुलं मान वाकवून वाचत असायची. पत्रेवाला रोज एक चक्कर मारून जायचा. पहिल्या दिवशी कागद कोरडा. दुसऱ्या दिवशी कोरडा. तिसऱ्या दिवशी दुपारी मोठी सर आली, कोंडलेल्या पाण्यावर आणखी पाणी. बाईंनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. दोन तास गेले, तीन गेले. त्यांनी हुकावरची नजर काढली नाही. शाळा सुटली तरी त्या उठल्या नाहीत. शेवटी मोठ्या बाईंनी येऊन कागदावर तळहात फिरवला. कोरडा ठणठणीत.

चौथ्या दिवशी पत्रेवाला आला, कागद उचलून दोन्ही बाजूंनी बघितला आणि मोजपट्टी खिशात घातली. "मावशी, माझ्या बहिणीच्या घराची गच्ची गळते," तो म्हणाला. "एकदा बघून जा." मोठ्या बाईंनी शिपायाला पंखा परत लावायला सांगितला.

सून वर गेली होती. भिंतीतल्या पाइपातून पाणी घोंघावत उतरलं, सगळ्यांना ऐकू आलं. थोड्या वेळाने ते पुन्हा घोंघावलं. मग ती खाली आली, दोन्ही हात कोपरापर्यंत ओले. ती सासूकडे गेली नाही. सरळ मोठ्या बाईंसमोर गेली आणि टेबलावर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन ओले बोळे शेजारी शेजारी ठेवले.

"दोन घातले होते," ती म्हणाली. "दोन काढले. मोजून घ्या, मोठ्या बाई."

मोठ्या बाईंनी चष्मा सारखा करून खरोखर मोजले.

इतका अभिमान मिस्त्रीणबाईंना स्वतःच्या कुठल्याही गच्चीचा कधी वाटला नव्हता. "टेबल ओलं केलंस," त्या सुनेला म्हणाल्या, आणि कमरेचं फडकं काढून स्वतःच पुसायला लागल्या.